जुन्या संगणकाचे घरगुती चित्रपटगृह

आमच्या घरी २०१० साली घेतलेला एक संगणक माळ्यावर धूळ खात पडला होता. तो भंगारात देण्याऐवजी टीव्हीला जोडून पाहावा, असे मुलीने सुचविले. आम्ही तो एचडीएमआय तारेने जोडला. या एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात.

स्नेहसंमेलनाच्या दोन चित्रफिती लावून पाहिल्या. जुन्या कॅमेऱ्याने घेतलेली सुरेख चालली. नव्या मोबाईलने घेतलेली मात्र अडखळू लागली. आवाज पुढे आणि चित्र मागे! गंमत अशी, की अडखळणारी फाईल दुसरीच्या निम्म्या आकाराची होती. “बाबा, संगणक म्हातारा झाला,” मुलगी म्हणाली. मेमरी वाढवा, असा सल्ला एका परिचिताने दिला. खर्च करण्यापूर्वी आपण थोडे गणित करू या.

टीव्हीवरील एका चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला १५,५५,२०,००० बाइट लागतील. तासाभराची चित्रफीत सुमारे ५६० गिगाबाइट जागा व्यापेल! प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे १ मेगाबाइटमध्येही काम भागते. हे कसे साधते?

क्रिकेटचा सामना आठवा. गोलंदाज धावत येतो, पण मैदान क्षणाक्षणाला बदलत नाही. म्हणून प्रत्येक चित्र संपूर्ण न साठविता ‘आधीच्या चित्रातील हा तुकडा इतका सरकला’ एवढेच नोंदवितात. संगणकाला या नोंदींवरून संपूर्ण चित्र पुन्हा रचावे लागते. त्यासाठी त्याच्याजवळ १/२५ सेकंद, म्हणजे ४० मिलिसेकंद असतात. रचायला ५० लागले, की चित्र अडखळलेच!

अशा नोंदींची एच.२६४ ही पद्धत २००३ साली, तर एच.२६५ ही २०१३ साली मान्य झाली. नव्या पद्धतीत तेवढ्याच दर्जाचे चित्र जवळजवळ निम्म्या जागेत मावते. परंतु ते उलगडण्याचे गणित अधिक अवघड असते. फाईल हलकी, पण काम जड! आमच्या संगणकात एच.२६४ उलगडणारे खास मंडल आहे. एच.२६५ साठी तसे मंडल नाही, कारण संगणक त्या पद्धतीपेक्षा वयाने मोठा. त्यामुळे सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. म्हणजे आमचा संगणक झिजलेला नव्हता. नवी लिपी त्याला झरझर वाचता येत नव्हती, इतकेच.

याचा पडताळा तुम्हीही घेऊ शकता. विंडोज असेल तर चित्रफीत चालू असताना ‘टास्क मॅनेजर’ उघडा आणि प्रोसेसरवरील भार पाहा. आमच्याकडे पहिल्या चित्रफितीला तो थोडाच होता, दुसरीला शंभर टक्क्यांना टेकला. मेमरी मात्र निम्मी रिकामी होती. ती वाढवून काय साधले असते?

उपाय बिनखर्चाचा निघाला. ‘हँडब्रेक’ या मोफत प्रणालीने ती चित्रफीत रात्रभरात एच.२६४ मध्ये बदलून घेतली. फाईल मोठी झाली, पण सुरळीत चालली. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला; म्हणून जुन्या संगणकावर लिनक्स आणि ‘कोडी’ ही मोफत प्रणाली घालणे सोयीचे. कोडीत चित्रफिती, गाणी आणि छायाचित्रे एकाच पडद्यावरून निवडता येतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. धूळ झटकण्यापूर्वी संगणकाची वायर भिंतीतून काढा. आणि वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडू नका, कारण तिच्यातील धारित्रांत वीज साठून राहिलेली असू शकते. विजेचा हिशेबही करा. संगणक ६० वॅट घेत असेल आणि रोज ३ तास चालत असेल, तर ३० दिवसांत ५.४ युनिट होतात. ५ वॅटच्या छोट्या उपकरणाला किती लागतील? हे उत्तर तुम्हीच काढा. मग वाचलेली वीज आणि वाचलेला कचरा यांचा मेळ घालून, जुना संगणक ठेवायचा की नाही, ते घरच्यांना सकारण सांगा.