नोकर सोडून जातो, तेव्हा वही कुठे असते?

भोसरीत माझं निकेल प्लेटिंगचं युनिट आहे. टाकीत ब्राइटनर किती, पीएच किती धरायचा, कोणत्या जॉबला करंट किती, हे सगळं एका वहीत. आमचा सुपरवायझर नोकरी सोडून स्पर्धकाकडे गेला. जाताना वहीच्या पानांचे फोटो आणि गिऱ्हाइकांची दरांसकट यादी घेऊन गेला.

नेमणूकपत्रात ‘दोन वर्षं याच धंद्यात काम करणार नाही’ असं त्याने लिहून दिलं होतं. माझी सगळी मदार त्यावर. वकीलबाईंनी ते वाक्य पेन्सिलने खोडलं. करार कायद्याच्या कलम २७ नुसार अशी अट नोकरी संपल्यावर टिकत नाही. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातल्या गोलिकरींना १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने अडवलं, ते पाच वर्षांच्या कराराची मुदत शिल्लक असताना ते कोट्याच्या कंपनीत गेले म्हणून. मला हे पटतं. हातातलं कसब माणसाचं स्वतःचं. त्याच्या पोटावर कुणी पाय देऊ नये.

वही मात्र त्याची नव्हती. व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा आपल्याकडे नव्हता. विधी आयोगाचा मसुदा आला तोच २०२४ मध्ये. त्यामुळे विश्वासभंग आणि करारातलं गोपनीयतेचं कलम, यांवरच दावा उभा राहिला. वही कुलपात असायची, ती काढणाऱ्याची सही रजिस्टरमध्ये. मनाई हुकूम मिळाला तो त्या रजिस्टरच्या जोरावर. नव्या मालकाला आधीच नोटीस दिली होती, म्हणून ‘मला ठाऊकच नव्हतं’ म्हणायची सोय त्याला उरली नाही.

यादीचा रस्ता निराळा. ती आमच्या कॉम्प्युटरमधून परवानगीशिवाय उचललेली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली पाच कोटींपर्यंतची भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे मागायची. त्यासाठी दिवाणी कोर्टात जाता येत नाही. एकाच चोरीसाठी दोन दारं, आणि चुकीच्या दारात महिने वाया जातात.

मनाई हुकूम हवा असेल तर कळल्याबरोबर हालचाल करा. उशीर झाला की कोर्ट पहिला प्रश्न त्याचाच विचारतं. आणि आजच नेमणूकपत्रं काढून बघा. नोकरीबंदीची अट असेल तर तिच्यावर विसंबू नका. कोणती माहिती गोपनीय, हे नावानिशी लिहून सही घ्या.