राजा प्रसेनजित एका नाळीवर थांबला

संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात 'दोणपाक सुत्त' नावाचे एक छोटेसे सुत्त आहे. वजन कमी करण्याविषयी हल्ली घरोघरी जे बोलले जाते ते ऐकताना, हे सुत्त आपल्या उपासक-उपासिकांनी आणि विशेषतः महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी लक्षपूर्वक वाचावे असे वाटते.

कोसल देशाचा राजा प्रसेनजित, ज्याला पालीत पसेनदी म्हणतात, एका वेळी दोणभर तांदळाचा भात खात असे. एके दिवशी तो असाच भरपूर जेवून, धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी एक गाथा म्हटली. तिचा आशय असा की, जो माणूस सदैव जागरूक असतो आणि मिळालेल्या अन्नाची मात्रा जाणतो, त्याचे त्रास हलके होतात, त्याला म्हातारपण सावकाश येते आणि त्याचे आयुष्य जपले जाते. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली. रोज जेवणाच्या वेळी ती म्हणायची आणि त्याबद्दल रोज शंभर कहापण घ्यायचे, असे ठरले. अट्ठकथेत आणखी एक गमतीचा तपशील आहे. राजा शेवटचा घास उचलणार तेव्हा गाथा म्हणायची. राजा तो घास टाकून देईल. त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचे. म्हणजे उडी नाही, उपास नाही, शपथ नाही. रोज एका घासाची काटछाट.

या सुत्तातील दोन शब्दांकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. पहिला शब्द 'अनुपुब्बेन', म्हणजे क्रमाक्रमाने. दुसरा 'सण्ठासि', म्हणजे स्थिर झाला, थांबला. राजा क्रमाक्रमाने नाळीभर भातापर्यंत उतरला आणि तेथे थांबला. जुन्या मापांच्या कोष्टकाप्रमाणे एका दोणात सोळा नाळी होतात. एवढा उतार झाल्यावर कोणालाही वाटले असते की, आता अर्ध्या नाळीवर यावे, मग पाव नाळीवर यावे. राजाने तसे केले नाही. शरीर सडपातळ झाले, तेव्हा त्याने स्वतःच्या अंगावरून हात फिरवला आणि भगवंतांनी आपले दोन्हीकडचे हित केले असे समाधानाने म्हटले. प्रवचनांत राजाच्या खादाडपणावर सगळे हसतात. तो थांबला कोठे याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

मात्रा जाणणे याला पालीत 'मत्तञ्ञुता' म्हणतात. मात्रेला वरची हद्द असते तशी खालचीही असते. ही खालची हद्द ओलांडली म्हणजे काय होते, ते मज्झिम निकायाच्या महासच्चक सुत्तात स्वतः भगवंतांनीच सांगितले आहे. उरुवेलेच्या तपश्चर्येत ते मूग, कुळीथ अशा कडधान्यांचे ओंजळभर कढण घेऊन राहात. पोटाला हात लावला की पाठीचा कणा हाताला लागे. अंगावरून हात फिरवला की मुळापासून कुजलेले केस गळून पडत. मलमूत्रविसर्जनासाठी उठले की तोल जाऊन तोंडावर पडत. कांतीही गेली. पाकिस्तानातील लाहोर संग्रहालयात सिक्री येथे सापडलेले गांधार शैलीचे एक शिल्प आहे. त्यात या अवस्थेतील सिद्धार्थाच्या बरगड्या आणि शिरा दिसतात.

आता याच्याशेजारी आधुनिक काळातील एक प्रयोग ठेवू. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना स्वखुशीने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाते कसे करावे, हे शोधायचे होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, नाडी मंद झाली, चक्कर येऊ लागली, केस गळू लागले, पायांवर सूज आली. त्याहून मोठा फरक मनात पडला. ते चिडचिडे आणि उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ज्याला आपण मनोनिग्रह समजतो, तो एका मर्यादेनंतर मनालाच अन्नाच्या दावणीला बांधतो. तपश्चर्येच्या शेवटी बोधिसत्त्वाच्या ध्यानात हेच आले. लहानपणी जांभळाच्या झाडाखाली अनुभवलेली शांती इतक्या कृश शरीराने मिळणे सोपे नाही, हे ओळखून त्यांनी भात आणि कुम्मास खाल्ला.

आपल्याकडे हा प्रश्न दुहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत २४ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या आणि १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाहून कृश आढळल्या. रक्तक्षय तर ५७ टक्के स्त्रियांत होता. म्हणजे एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, एकीने वजन उतरवायला हवे असते आणि दुसरीने वाढवायला. आणि नेमकी ही दुसरीच, लग्न ठरले म्हणून, भाकरी सोडून काकडीवर राहते.

मग थांबावे कोठे? दवाखान्यात 'बीएमआय' म्हणतात तो हिशोब घरीही करता येतो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर १८.५ पेक्षा कमी आले तर माणूस कृश समजावा. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त धरतात. पाच फुटांहून किंचित कमी, म्हणजे १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी हा पट्टा सुमारे ४२ ते ५२ किलो होतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी सुमारे ५० ते ६२ किलो. या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे धावत जाण्याचे काही कारण नाही.

पण नुसत्या काट्यावरही विसंबू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापला गेला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. आपल्या माणसांत स्नायू कमी आणि पोटावर चरबी जास्त, असा हा प्रकार आहे. म्हणून कमरेचा घेरही मोजावा. पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. उपाशी राहून वजन उतरवले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे मुळात तेच कमी. काटा खाली येतो, माणूस मात्र अधिक दुबळा होतो. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे-मटण यांपैकी जे परवडेल ते ताटात ठेवून, चालणे आणि थोडी अंगमेहनत करून उतरलेले दोन किलो, उपाशी राहून उतरवलेल्या पाच किलोंपेक्षा मोलाचे आहेत.

ज्यांचे वजन खरोखरच जास्त आहे त्यांनाही फार उतरावे लागत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त ७ टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो! तेवढे उतरल्यावर काही महिने तेथेच स्थिर राहावे, रक्तदाब आणि साखर तपासावी, मग पुढचा विचार करावा. वेगही आठवड्याला अर्धा ते एक किलोच्या पुढे नसावा. फार झपाट्याने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असेल, तर खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावेच; वजन उतरत गेले की तोच डोस जास्त होऊन चक्कर येते, साखर एकदम खाली जाते. वर्षावासात अष्टशील पाळून दुपारनंतर भोजन न करणाऱ्यांनीही हे विसरू नये. ते शील संयमासाठी आहे, काट्यासाठी नव्हे.

शरीर स्वतःही सूचना देत असते. सारखी थंडी वाजणे, उभे राहताच अंधारी येणे, केस पुंजक्याने गळणे, जिना चढताना पाय भरून येणे, झोप उडणे, अभ्यासाचे पान तीनदा वाचूनही डोक्यात न शिरणे. मुलींमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही फार महत्त्वाची खूण आहे. तीन महिने पाळी आली नाही तर 'बरे झाले, कटकट गेली' असे न म्हणता डॉक्टरांकडे जावे, कारण याच काळात हाडेही ठिसूळ होत असतात. पोलीस भरतीसाठी रिकाम्या पोटी मैलोन् मैल धावणाऱ्या मुलांनाही हाच इशारा लागू आहे. इतर सगळे 'किती बारीक झालास' म्हणत असताना ज्याला आरशात आपण अजून जाडच दिसतो, जो घासागणिक भीतीने खातो, जेवून उलटी काढतो, त्याला हट्टी म्हणून रागावू नये. तो आजार आहे. त्याला मानसोपचाराची मदत लागते आणि त्याने माणूस बरा होतो.

प्रयत्न न करता वजन घटत असेल तर ती वेगळीच गोष्ट. सहा महिने ते वर्षभरात आपोआप ५ टक्के वजन गेले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, तर कारण शोधलेच पाहिजे. त्याबरोबर दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. मधुमेह, थायरॉइड, कर्करोग यांचीही सुरुवात कधी अशीच होते. वयस्कर माणसांच्या बाबतीत 'वयामुळे होते' म्हणून हे सोडून देऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी आणि नुकतेच आजारातून उठलेल्यांनी आपल्या मनाने वजन उतरवण्याच्या भानगडीत पडूच नये.

थांबणे सोपे नसते, कारण थांबणाऱ्याला शाबासकी मिळत नाही. बोधिसत्त्वाने अन्न घेतले तेव्हा पाचही सोबती, गौतम चैनीकडे वळला असे म्हणून त्यांना सोडून गेले. आजही वजन उतरत असते तोवर सगळे वाहवा करतात, आणि माणूस पुन्हा पोटभर जेवू लागला की 'संपला वाटतं तुझा निश्चय' म्हणतात. घरच्यांनी निदान असे बोलू नये.

ज्याने फार दिवस अगदीच थोडे खाल्ले आहे त्याला एकदम भरपूर वाढणेही धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार अचानक घसरून हृदयावर ताण येतो. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे-थोडे वाढवत खाण्यावर आणावे. येथेही क्रम 'अनुपुब्बेन' हाच. दवाखान्यात जाताना गेल्या काही महिन्यांतील वजने तारखेसह एका कागदावर लिहून न्यावीत, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवावीत.