गणित आधी हातात येऊ द्या

आम्ही बँकेत कारकून आहोत, गणिताचे शिक्षक नव्हे. पदवीही कला शाखेची. तरी या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला कारण पैसे काढण्याची स्लिप. अक्षरी 'बावन्नशे' आणि अंकी २५०० अशी स्लिप आमच्यापुढे अनेकदा आली. लिहिणारा सातवी-आठवी शिकलेला असतो, वेंधळाही नसतो. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी. त्याने ऐकले तसे लिहिले, एवढेच.

याच अडचणीवरून २०१९ साली मोठा वाद झाला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले होते. समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका समजावून सांगितली; टीका झाली, थट्टाही झाली. आम्हांला ती थट्टा पटली नाही. पण नाव कोणतेही घ्या, संख्या आधी हातात यावी.

कुंभार पिंपळगावच्या मुलांना त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. तुराट्यांच्या बोटभर काड्या करा. बावन्न मोजा, दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधा. पाच जुड्या, दोन सुट्या. आता मुलाला म्हणा, यातल्या सत्तावीस मला दे. सुट्या दोनच, द्यायच्या सात. मूल अडते. अडू द्या, पालकहो, इथे तोंड उघडू नका! थोड्या वेळाने ते आपणच एक जुडी सोडते. सुट्या बारा झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या. राहिलेल्या चार जुड्यांतल्या दोन दिल्या. उरले पंचवीस. काउंटरवर शंभर नोटांचे पाकीट आम्ही फोडतो, तेच हे. असे चार-पाच दिवस झाल्यावर जुड्यांचे चित्र पाटीवर काढावे आणि नुसते अंक त्यानंतर.

मोठ्या मुलांसाठी माठ घ्या. गावाच्या नावातच कुंभार आहे. माठाच्या काठाभोवती दोरी गुंडाळा, आणि तीच दोरी तोंडाच्या रुंदीवर मोजा. तीन वेळा भरते आणि थोडी उरते. परात घ्या, पणती घ्या, तेच. २२/७ पाठ असलेल्या मुलालाही याचे नवल वाटते. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास हे गुणोत्तर ३.१४१६ इतके जवळचे दिले होते.

एका शाळेत आम्ही गणिताची पेटी पाहिली. छान होती, पण कुलपात. 'हात लावू नका, मोडेल' असे मुलांना सांगितलेले. आपल्या समाजाला हे शब्द वेगळे लागतात. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले ते काढायला धावली होती. हिशेब येत होता. फळ्याजवळ जाण्याचीच अडचण होती. म्हणून अभ्यासवर्गात काड्या मधोमध ठेवाव्यात, ताईंच्या टेबलावर नव्हे.

पहिल्या तासाला माणशी साठ काड्या पुरतात. मोजणी मुलांनीच करावी. एखाद्या जुडीत नऊच निघाल्या, तर ती सोडून पुन्हा बांधण्याचे कामही त्यांचेच.