वेब सर्व्हर आणि मेमरीचा हिशोब

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडता उघडत नाही, तेव्हा आपण मोबाईलच्या रेंजला दोष देऊन मोकळे होतो. मालवणात तो दोष अगदीच अनाठायी नसतो. तथापि पुष्कळदा अडचण पलीकडच्या संगणकाच्या मेमरीत असते. एका वेळी किती जणांना पान पुरवावयाचे, हे त्या मेमरीवर ठरते. प्रस्तुत लेखात त्या हिशोबातील एका वादाचा विचार करावयाचा आहे.

अपाची हा 1995 पासून प्रचारात असलेला विनामूल्य वेब सर्व्हर. पासवर्ड तपासणे, पत्ता बदलून देणे, पान आवळून पाठविणे ही कामे त्याची निरनिराळी मॉड्यूले करतात. ती मूळ आज्ञावलीतच कायमची जोडता येतात. ही स्थिर बांधणी. किंवा वेगळ्या फाइलींत ठेवून सर्व्हर सुरू होताना हवी तेवढीच घेता येतात; ही सुटी बांधणी. पहिली भिंतीतल्या फडताळासारखी, तर दुसरी कार्यापुरत्या वाडीतून आणलेल्या भांड्यांसारखी.

सर्वसाधारण समज असा की, सुट्या बांधणीने मेमरी वाचते. परंतु लिनक्स प्रणाली आज्ञावली सबंध उचलून मेमरीत ठेवीत नाही. बहुधा 4096 बाइटांचे एकेक पान, लागेल तसे आणते. त्यामुळे स्थिर बांधणीतले न वापरलेले मॉड्यूल बहुतांशी डिस्कवरच पडून राहते. उलट प्रत्येक सुट्या मॉड्यूलला पत्त्यांच्या कोष्टकासाठी एखाददुसरे पान स्वतंत्र लागते, मग ते अर्धे रिकामे का असेना. शिवाय सुट्या बांधणीत सर्व्हरची सुरुवात सुमारे 20 टक्क्यांनी मंदावते, असे अपाचीच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे.

खरी गफलत बेरजेत होते. प्रीफोर्क पद्धतीत मूळ प्रक्रिया अनेक पोर-प्रक्रियांना जन्म देते व प्रत्येक पोर एका वेळी एकच मागणी पुरविते. समजा, अशा 20 प्रक्रिया आहेत आणि प्रत्येकीपुढे 12 एमबी असा आकडा दिसतो. बेरीज 240. पण त्यांतले 8 एमबी सर्वांचे सामाईक असतील, तर खर्च 8 अधिक 20 गुणिले 4, म्हणजे 88 एमबीच. वाडीचा टोप वीस घरांनी वापरला म्हणून टोप वीस होत नाहीत! ही सामाईकता दोन्ही बांधण्यांत सारखीच असते. पोराने एखाद्या पानावर काही लिहिले, तरच त्या पानाची वेगळी नक्कल होते.

तेव्हा माझ्या मते बांधणीचा वाद दुय्यम आहे. प्रत्येक पोर स्वतःपुरते काय बाळगते ते पाहावे. पीएचपी मॉड्यूल म्हणून जोडले, की साधे चित्र पाठविणारे पोरही त्याचे ओझे वाहते. ते वेगळ्या प्रक्रियेत ठेवल्यास बचत मोठी होते.

प्रीफोर्कमध्ये एका वेळच्या मागण्यांची मर्यादा मुळात 256 असते. ती व्यवस्थापकाने बदलावयाची असते. 240 चा आकडा धरून मर्यादा ठरविली, तर मेमरी रिकामी असूनही विद्यार्थी ताटकळतात. फार वाढविली, तर संगणक डिस्कचा आधार घेऊ लागतो आणि सर्वांचेच काम रखडते. यासाठी लिनक्समध्ये पीएसएस नावाचा आकडा मिळतो. तो सामाईक पाने वाटेकऱ्यांत विभागतो. आपल्या उदाहरणात तो प्रत्येकी 4.4 एमबी येतो.