हवेंत गेलेल्या विषाची वाट

पिकावर कीटकनाशक फवारलें म्हणजे त्याचा उग्र दर्प बांधापलीकडेहि येतो, आणि कांहीं दिवसांनीं तो नाहींसा होतो. दर्प गेला तसें विषहि गेलें, असा आपला समज असतो. विद्यार्थिमित्रांनो, हा समज कितपत खरा आहे, याचा आपण विचार करूं.

हें विष हवेंत तीन वाटांनीं शिरतें. पहिली वाट फवाऱ्याच्या थेंबांची. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब ३ मीटर उंचीवरून सुमारें १० सेकंदांत जमिनीवर येतो. परंतु त्याच्याहि दहाव्या हिश्शाएवढ्या सूक्ष्म थेंबास तेंच अंतर उतरण्यास १५ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत मंद वारासुद्धां त्यास शेजारच्या वस्तीवर नेऊन सोडतो. दुसरी वाट बाष्पीभवनाची. पानांवर व मातींत पडलेलें औषध उन्हानें तापून पुढें कित्येक दिवस वाफेच्या रूपानें वर जात राहतें. तिसरी वाट धुळीची. मातीचे कण उडाले कीं त्यांस चिकटलेलें विषहि उडतें.

आतां हवेंत त्याचें काय होतें? कांहीं रसायनें सूर्यकिरण शोषून स्वतःच फुटतात. इतरांस मोडण्याचें मुख्य काम हायड्रॉक्सिल नांवाचा घटक करतो. सूर्याच्या अतिनील किरणांनीं ओझोन वायु फुटतो, त्यांतून निघालेला ऑक्सिजनचा अणु पाण्याच्या वाफेशीं संयोग पावतो आणि हा घटक जन्मास येतो. त्याचें आयुष्य जेमतेम एका सेकंदाचें. पण तेवढ्यांत तो समोर येईल त्या पदार्थावर तुटून पडतो. सूर्य मावळला कीं हें काम बहुतेक थांबतें. पाऊस व धुकें यांनीं विष हवेंतून धुतलें जातें खरें. परंतु तें नष्ट होत नाहीं, केवळ जागा बदलतें.

मोडणें म्हणजे निरुपद्रवी होणें, असेंहि नाहीं. पॅराथिऑन या कीटकनाशकांतील गंधकाच्या जागीं ऑक्सिजन आला म्हणजे पॅराऑक्सॉन तयार होतें, आणि तें मूळ द्रव्याहून अधिक जहाल असतें. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत अमेरिकेंतील धुक्याच्या पाण्यांत कीटकनाशकें आणि त्यांचीं अशीं विषारी रूपांतरें आढळलीं.

कांहीं द्रव्यें तर लवकर मोडतच नाहींत. डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनीं १९३९ सालीं ओळखला, व त्याबद्दल १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९६६ सालीं, जेथें एकहि शेत नाहीं त्या अंटार्क्टिका खंडांतील पेंग्विन पक्ष्यांच्या शरीरांत त्याचे अंश सांपडले. उष्ण प्रदेशांत वाफ व्हावी, थंड हवेंत ती जमिनीवर उतरावी, पुन्हां ऊब मिळतांच उठावें, अशा टोळासारख्या उड्या घेत हीं द्रव्यें ध्रुवांकडे जातात. म्हणूनच २००१ सालच्या स्टॉकहोम करारांत एक कसोटी ठरली: हवेंत अर्धा भाग मोडण्यास ज्या द्रव्यास दोन दिवसांहून अधिक काळ लागतो, तें दूरवर जाऊं शकणारें समजावें.

परंतु ध्रुवापर्यंत जाण्यापूर्वीं तें प्रथम फवारणाऱ्याच्याच श्वासांत जातें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपण या द्रव्यास ‘औषध’ म्हणतों. त्या गोड नांवानें फसूं नये. पालकांस विनंती कीं, वाऱ्याकडे तोंड करून फवारणी करूं नये. वारा जोराचा असतां, किंवा पहाटे हवा अगदीं कोंडलेली असतां, सूक्ष्म थेंब तरंगत राहतात म्हणून, ती टाळावी. नाकातोंडास योग्य आच्छादन व अंगभर कपडे असावेत, आणि मुलांस त्या शेताजवळ फिरकूं देऊं नये. मुलांनींहि हें घरीं समजावून सांगावें. आपल्या नाकास जें कळत नाहीं, तें हवेंत नाहींच असें मानूं नये.