टाकाऊतून टिकाऊ : चंदीगडचे रॉक गार्डन

नवे घर बांधून झाले म्हणजे अंगणात फुटक्या विटा, फरशांचे तुकडे आणि वाकलेल्या सळया यांचा ढीग पडतो. घरधनी तो उकिरड्यावर नेऊन टाकतो. एका घराची ही स्थिती, तर अखंड शहर वसविताना किती कचरा होत असेल! स्वातंत्र्यानंतर पंजाबची नवी राजधानी म्हणून चंदीगड वसविण्यात आले, तेव्हा त्या जागेवरील अनेक खेडी उठविली गेली. मोडलेल्या घरांतील फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे, निकामी सायकली असे कितीतरी सामान मागे पडून राहिले. त्या ढिगांकडे निराळ्या दृष्टीने पाहणारा एक मनुष्य त्याच शहरात नोकरीस होता. त्याचे नाव नेकचंद.

नेकचंद यांचा जन्म १९२४ साली, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगड भागातील एका खेड्यात झाला. १९४७ च्या फाळणीत त्यांना घरदार व गाव सोडून यावे लागले. पुढे चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते रस्त्यांचे निरीक्षक झाले. नोकरीचे काम आटोपले की ते सायकलवरून दगड व मोडके सामान गोळा करीत आणि सुखना तलावाजवळच्या झाडीत साठवीत. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तेथे गुपचूप काम आरंभिले. गाव गमावलेला तो मनुष्य माणसे, पशुपक्षी व वाटा यांनी भरलेली एक नगरीच पुन्हा उभारीत होता.

या मूर्ती घडविण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. मूर्तीला प्रथम सांगाडा लागतो. नेकचंद यांनी त्यासाठी सायकलींचे जुने भागही वापरले. सांगाड्यावर सिमेंट व वाळू यांचा कालविलेला माल थराथराने चढवावयाचा आणि वरचा थर ओला असतानाच त्यात बांगड्यांचे वा चिनी मातीचे तुकडे दाबून बसवावयाचे. कोठे बांगड्यांचे तुकडे स्त्रीमूर्तीचे वस्त्र झाले, तर कोठे फुटक्या कपबश्यांनी प्राण्याचे अंग मढविले गेले.

सिमेंट वाळून घट्ट होते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणूनच गवंडी नव्या कामावर निदान सात दिवस पाणी मारतो व ते ओल्या गोणपाटाने झाकतो. पाणी लवकर आटले की काम ठिसूळ होते व त्यास भेगा पडतात. तसेच सळईवरचा थर पातळ राहिला, तर आत ओल शिरून लोखंड गंजते, फुगते आणि वरचा थर फोडून टाकते. मूर्तीचे आयुष्य असे न दिसणाऱ्या कामावर अवलंबून असते.

नेकचंद यांनी निवडलेली जमीन सरकारी व राखीव होती. तेथे काहीही बांधण्यास मनाई होती. १९७० नंतरच्या दशकात हे काम अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडले, तेव्हा ते पाडून टाकण्याचा पूर्ण अधिकार शासनास होता. परंतु लोकांना ती नगरी आवडली आणि अखेर ती वाचली. १९७६ साली तिचे रीतसर उद्घाटन झाले. नेकचंद यांना त्याच कामासाठी वेतन व मजूर देण्यात आले. १९८४ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

नियम मोडणे हा गुण नव्हे, हे शिक्षकांनी वर्गात स्पष्ट सांगावे. परंतु चुकीच्या जागी उभे राहिलेले चांगले काम पाडावे की राखावे, हा प्रश्नही मुलांपुढे अवश्य ठेवावा. त्याचे उत्तर त्यांनीच शोधावे.

कार्यानुभवाच्या तासाला शाळेचा लहान नामफलक करता येईल. लाकडी चौकटीत तारेची जाळी ठेवून त्यावर एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांचा माल भरावा. माल ओला असताना नदीतील गुळगुळीत गोट्यांनी अक्षरे जुळवावीत आणि रोज पाळीपाळीने पाणी मारावे. ओल्या सिमेंटने कातडी भाजते व त्याची धूळ डोळ्यांस व छातीस अपाय करते. यास्तव माल शिक्षकांनी अथवा गवंड्यानेच कालवावा. मुलांनी रबरी हातमोजे घालून केवळ गोटे बसवावेत. फुटक्या काचा त्यांच्या हाती देऊ नयेत.

स्वाध्याय
१. सिमेंटच्या नव्या कामावर पाणी का मारतात?
२. मूर्तीतील सळई गंजल्यास काय होते?
३. तुमच्या घरातील टाकाऊ वस्तूंची यादी करा व त्यांपैकी एकीचा उपयोग सुचवा.
४. तुम्ही अधिकारी असता, तर नेकचंद यांच्या नगरीविषयी कोणता निर्णय घेतला असता? कारणे द्या.