एकच काम, दोन प्रथिने

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरीही काही प्रथिने केवळ एखाद्याच अवयवात तयार होतात. जीवशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु या कोड्याचे एक उदाहरण वाचनात आले आणि ते कलाशाखेच्या वाचकांपुढेही ठेवावे असे वाटले.

फॉस्फोग्लिसरेट कायनेज नावाचे एक विकर आहे. साखरेच्या विघटनातून पेशीला ऊर्जा मिळते. त्या साखळीतील एक कडी हे विकर सांभाळते. शरीरात सर्वत्र त्याचे 'पीजीके-१' हे रूप आढळते व त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. अडचण उद्भवते ती येथेच. पुरुषाच्या पेशीत एक्स गुणसूत्र एकच. शुक्रपेशी घडताना अर्धगुणसूत्री विभाजनाच्या काळात एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांचे कामकाज जवळजवळ बंद पडते. मग पुढे शेपटी हलवीत पोहणाऱ्या पेशीने हे विकर आणावे कोठून?

उत्क्रांतीच्या ओघात याची तजवीज झालेली आहे. फार पूर्वी पीजीके-१ च्या जनुकाने धाडलेल्या आरएनए संदेशाची उलट नक्कल होऊन ती दुसऱ्याच गुणसूत्रात जाऊन बसली. माणसात ती सहाव्या गुणसूत्रावर आहे. संदेश तयार होताना मूळ जनुकातील जे तुकडे गाळले जातात, ते या प्रतीत नाहीत. मॅक्कॅरी व थॉमस यांनी १९८७ मध्ये हे दाखवून दिले, आणि तिचा उगम उघड झाला. हेच 'पीजीके-२'. ते घडत्या शुक्रपेशींतच तयार होते.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांतील हे जनुक निकामी करण्यात आले. शुक्रपेशींची संख्या व घडण नेहमीसारखीच राहिली. मात्र त्यांची ऊर्जा व हालचाल फार घटली आणि नरांची प्रजननक्षमता अतिशय खालावली.

उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. तरीही मला तो मोलाचा वाटतो. आपल्याकडे मूल झाले नाही की पहिला बोल सुनेला लागतो. उपासतापास, नवससायास तिच्याच वाट्याला येतात. मुलगा धडधाकट आहे, एवढ्यावर त्याची चौकशी संपते. परंतु धडधाकट दिसणे वेगळे आणि एका सूक्ष्म प्रथिनाने आपले काम चोख बजावणे वेगळे. तपासणी दोघांचीही व्हावी, एवढे तरी आपण सुशिक्षितांनी आपापल्या घरी आग्रहाने सांगावयास हवे.